माडीवरची नेमबाजी

आमच्या घराण्यात बंदूक कुणी हातात धरलेली नाही. अब्बा पौडच्या बाजारात भांड्यांना कल्हई करायचे, भाई टेंपो चालवतो आणि आम्ही बी.एड. करून उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतो. (वाचकांनी या 'आम्ही'ला भिऊ नये. बारा वर्षं वर्गात 'हम' म्हणून बोललं की मराठीत 'मी' जिभेवर येत नाही.) अशा या घरात २०२४ च्या मे महिन्यात माडीवर दिवसरात्र गोळीबार सुरू झाला. गोळीबार भाच्याचा होता. नववीचा निकाल लागला होता, गणितात साहेबजादे काठावर सुटले होते आणि सुट्टी पडली होती.

भाईनं जाहीर केलं की मोबाइल फोडतो, शाळा बंद करतो आणि पोराला टेंपोवर क्लीनर म्हणून घेतो. पिरंगुटच्या कंपन्यांत माल उतरवताना दिवसभर घाम गाळला की बंदूक आपोआप सुटेल, असा त्याचा हिशेब. भाई रागात बोलतो, पण बोललेलं करतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे. भाभी आमच्याकडे आली. "बाजी, तुमीच समजाव उसको. तुमारा सुनता."

समजावायचं तर खरं, पण काय समजावायचं? 'मोबाइल वाईट आहे' हे वाक्य आम्ही वर्गात इतक्यांदा म्हटलंय की त्यात आता काही उरलेलं नाही. मुलं ते राष्ट्रगीतासारखं उभं राहून ऐकतात आणि खाली बसतात. म्हणून आम्ही माडीवर गेलो आणि भाच्याला म्हटलं, आम्हालाही शिकव. तो आधी हसला. मग आमच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "फुफी, तुम सच्ची खेलेंगे?"

तो खेळत होता तो बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया. पूर्वीचा पबजी. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं ११८ चिनी अ‍ॅप बंद केले त्यात पबजी मोबाइल गेला. २०२१ च्या जुलैत कोरियन कंपनीनं तो भारतापुरता नव्या नावानं आणला, २०२२ च्या जुलैत तोही बंद पडला आणि २०२३ च्या मेमध्ये परत आला. परत येताना अटी घेऊन आला. १८ वर्षांखालच्या मुलांना दिवसाला ३ तासच, तेही पालकांच्या परवानगीनं. रक्ताचा रंग लाल नाही. आणि 'किल' हा शब्द काढून त्या जागी 'फिनिश'. म्हणजे समोरचा मेला नाही, आटोपला. परवानगीचा आकडा भाभीच्या मोबाइलवर आला होता. तिला तो वाचता येत नाही, तिनं फोन मुलाच्या हातात दिला आणि त्यानं स्वतःला परवानगी देऊन टाकली.

खेळ थोडक्यात असा. विमानातून १०० जण एका बेटावर उड्या मारतात, रिकाम्या घरांतून हत्यारं गोळा करतात, मैदान आकसत जातं आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. या प्रकाराला 'बॅटल रॉयल' म्हणतात आणि ते नाव एका जपानी सिनेमावरून आलंय. २००० सालचा तो सिनेमा. त्यात पंधरा वर्षांच्या मुलामुलींचा एक अख्खा वर्ग बेटावर नेऊन सोडतात आणि एकमेकांना मारायला लावतात. हे कळलं तेव्हा आम्ही मोबाइल खाली ठेवून जरा गप्प बसलो. नववीचा वर्ग! आमच्या हातात सध्या तोच वर्ग आहे.

पहिल्याच दिवशी आम्ही चौघांना आटोपलं. भाच्याला म्हटलं, सोपं आहे की. तो म्हणाला, "फुफी, वो बॉट थे." नव्या माणसाच्या सुरुवातीच्या डावांत खरे खेळाडू थोडे आणि यंत्रानं चालवलेले पुतळे जास्त घालतात. ते समोर येऊन उभे राहतात, हवेत गोळ्या मारतात आणि सावकाश मरतात. माणसाला वाटतं आपल्या हातात काहीतरी आहे. मग हळूहळू पुतळे कमी करत नेतात. आम्ही बी.एड.ला थॉर्नडाइकची मांजरं शिकलो होतो, १८९८ सालची. पेटीत कोंडलेलं मांजर धडपडतं, चुकून दोरी ओढलं जातं, दार उघडतं, मासा मिळतो, आणि पुढच्या वेळी ते मांजर लवकर दोरी ओढतं. प्रयत्न-प्रमाद पद्धती, गुण ५. आमच्या पाठ-टाचणात 'सोप्याकडून कठीणाकडे' असं दर वेळी लिहावं लागायचं आणि परीक्षक सही करायचे. हे सूत्र खरोखर कुणी राबवलेलं आम्ही पहिल्यांदा बघितलं ते या खेळात. ज्यांनी हा खेळ बांधला त्यांनी आमच्या अध्यापक महाविद्यालयापेक्षा जास्त अभ्यास केला आहे, यात आम्हाला शंका नाही. तो कशासाठी केला, हा प्रश्न वेगळा.

भाचा स्नायपर. लांबून, लपून, एका गोळीत काम करणारा. आम्हालाही त्यानं तेच दिलं, कारण "फुफी, तुमकू भागना जमता नय." बंदुका त्याच्या तोंडपाठ. कार-९८-के ही जर्मन सैन्यात १९३५ साली आलेली रायफल, तिच्या एका गोळीत दुसऱ्या दर्जाचं हेल्मेट घातलेलं डोकं जातं, तिसऱ्या दर्जाचं जात नाही. एडब्ल्यूएम ही ब्रिटिश, तिच्यापुढे कुठलंच हेल्मेट टिकत नाही, पण ती विमानातून टाकलेल्या पेटीतच मिळते आणि पेटीभोवती आधीच दहाजण टपून बसलेले असतात. इतिहासाच्या सनावळ्यांत पानिपताची तीन युद्धं एकत्र करणारा हा मुलगा १९३५ हे साल न चुकता सांगतो!

'स्नायपर' हा शब्द कुठून आला ते मात्र त्याला माहीत नव्हतं. तो आमच्याकडचाच आहे. स्नाइप म्हणजे आपला पाणलावा, लांब चोचीचा, चिखलात अन्न शोधणारा पक्षी. हिवाळ्यात तो भातखाचरांत आणि तळ्याच्या काठाला उतरतो. जवळ जाईपर्यंत दिसत नाही, मातीच्या रंगाचाच असतो, आणि उडाला की नागमोडी उडतो. त्याला बंदुकीनं टिपणं महाकठीण. अठराव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांना या शिकारीचं वेड होतं, त्यांच्या पत्रांतून हा शब्द पुढे गेला आणि नंतर माणसं टिपणाऱ्याला लागला. मुळशीची सगळी खालची पट्टी भाताची. हा पक्षी भाच्यानं लहानपणी शंभरदा बघितला असेल. हिंदी-उर्दूत त्याला 'चाहा' म्हणतात. खेळात आम्हाला नाव घ्यायचं होतं, आम्ही तेच घेतलं. इंग्रजी अक्षरांत लिहिल्यामुळे सगळे त्याला 'चहा' वाचतात.

आता प्रत्यक्ष शिकणं. डाव्या अंगठ्यानं चालायचं, उजव्यानं बघायचं. भाच्यानं जायरोस्कोप चालू केला, म्हणजे मोबाइल मनगटातून कलवला की नेम सरकतो. आठ दिवस मनगटं अशी दुखली की फळ्यावर लिहायला सुट्टी होती हे बरं झालं. नवशिक्याला मोठ्या दुर्बिणीचा मोह होतो, आठपटीची हवी असते. पण तिच्यातून बघणं म्हणजे बोरूच्या नळीतून गाव बघणं, समोरचा माणूस खिडकीएवढा दिसतो आणि शेजारून येणारा दिसतच नाही. जवळच्या लढाईला लहान दुर्बीण बरी. दुसरं, नेम आधी धरायचा आणि माणूस नंतर येऊ द्यायचा. दार असेल तर दाराच्या कडेला, डोक्याच्या उंचीवर. माणूस दिसल्यावर नेम शोधायला लागलात तर आटोपलात. तिसरं, गोळी झाडली की खाली बसायचं. बोल्ट ओढेपर्यंत दुसरी गोळी नाही, आणि आवाजानं तुमची जागा सगळ्यांना कळलेली असते. आम्ही लागली की नाही हे बघत उभं राहायचो. "देखने का नय फुफी, लगी तो लगी!" इयरफोन लावला की पावलांचा आवाज डावीकडून येतोय की उजवीकडून हे कळतं. वर्गात फळ्याकडे तोंड करून कोण बोललं हे ओळखायची सवय असल्यामुळे ही एक गोष्ट आम्हाला पहिल्या दिवसापासून जमली.

मोठ्या बेटावर निदान दम घ्यायला वेळ असतो. खरी दमछाक गोदामातल्या डावात. चारास चार, पहिले ४० ज्यांचे ते जिंकले, दहा मिनिटांचा खेळ. मेलात की लगेच पुन्हा उभे. मुलं तिथं समोरासमोर एकेकट्यानंही खेळतात, हातात फक्त एम-२४ ही एका वेळी एकच गोळी सोडणारी रायफल. दिसला, दुर्बीण लावली, झाडली, दुर्बीण काढली, हे सगळं डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात. आम्ही पहिल्या डावात ४ ला ४० नी हरलो आणि ते चारही आमच्या साथीदारांचे होते. एका रात्री भाच्याला आम्ही मुद्दाम नुसतं बघत बसलो. एकच खिडकी, एकच कोपरा, एकच गोळी. चुकली की परत. दीड तास. त्या पोरानं आमच्यासमोर गणिताचं एक उदाहरण दुसऱ्यांदा कधी सोडवलेलं नव्हतं.

म्हणून एका रात्री आम्ही वही काढली. समजा गोळी सेकंदाला ७५० मीटर जाते. ३०० मीटरवर एकजण आडवा धावतोय, सेकंदाला ६ मीटर. वक़्त बराबर फ़ासला भागिले रफ़्तार, गोळीला पोहोचायला ०.४ सेकंद. तेवढ्यात तो २.४ मीटर पुढे गेलेला असतो. शिवाय खऱ्या जगात तेवढ्या वेळात गोळी नळीच्या सरळ रेषेपेक्षा सुमारे ७८ सेंटिमीटर खाली येते. तर नेम कुठं धरायचा? भाच्यानं वहीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "दीड आदमी आगे, थोडा उपर." माणूस साधारण १.७ मीटर धरा आणि दीडनं गुणा. २.५५ येतात. आम्ही त्याला म्हटलं, हेच नववीच्या पेपरात होतं, तुला शून्य मिळालं होतं. त्यानं वही ओढून घेतली आणि पहिल्यांदा नीट वाचली. लगेच हुशार झाला असं कुणी समजू नये. दुसऱ्या दिवशी रेल्वेगाडी आणि फलाटाचं उदाहरण दिलं तर म्हणाला, यात कुणाला मारायचंय?

आमच्या माडीवर आणखी एक अडचण, पिंगची. गोळी आपल्या मोबाइलवर सुटते, पण लागली की नाही हे दूर कुठल्यातरी यंत्रावर ठरतं. आपला निरोप तिथं जाऊन परत यायला जो वेळ लागतो तो पिंग, हजारांश सेकंदांत मोजलेला. आकडा हिरवा असला की बरं, लाल झाला की तुम्ही भूतकाळात राहून खेळताय. डोंगरांच्या मध्ये वसलेल्या गावात पाऊस लागला की तो लालच. समोरचा दारात दिसतो, आपण झाडतो, आणि तो तिथून केव्हाच गेलेला असतो. हिंजवडी याच तालुक्यात, तिथं हवेतून म्हणे वाटेल तेवढं इंटरनेट वाहतं. तिथला पोरगा आणि ताम्हिणीच्या तोंडचा पोरगा एकाच गोदामात उभे राहिले तर गोळी कुणाची आधी पोहोचणार, हे नेमावर ठरत नाही.

माइक आम्ही बंद ठेवतो. एकदा चुकून चालू राहिला, आम्ही खाली भाभीला "चुलीवर दूध आहे का" असं विचारलं आणि पलीकडून तीन आवाज आले. त्यातलं छापण्यासारखं एवढंच की "अरे, लेडीज है." पुढचं छापण्यासारखं नाही. भाच्यानं आमच्या हातातून मोबाइल घेतला, त्यांना त्यांच्याच भाषेत उत्तर दिलं, मग आपण काय बोललो ते आमच्यासमोर बोललो हे लक्षात येऊन कान लाल करून बसला. तेव्हापासून आम्ही तयार निरोपांची बटणं दाबतो.

त्याच रात्री आम्ही त्याला विचारलं की तुझं खेळातलं नाव असं का? त्याचं नाव म्हणजे काही इंग्रजी अक्षरं आणि आकडे, गाडीच्या नंबरासारखं. आमच्या वर्गातल्या मुलांची नावंही तशीच, हे मग आठवलं. आम्हाला वाटायचं फॅशन असेल. तो म्हणाला, "पहले अपना नाम डाला था. फिर देखा, नाम पढके पहले गाली देते, गोली बाद में." हे त्यानं तक्रार म्हणून सांगितलं नाही. दुर्बीण कुठली वापरावी हे सांगावं तसं सांगितलं. तेरा वर्षांचा असताना त्यानं हा शोध लावला होता आणि घरात कुणाला सांगितला नव्हता. लपून बसायचं, ओळखू यायचं नाही, आवाज करायचा नाही, हे आम्हाला आठ दिवस तो शिकवत होता ते त्याला कुठून आलं होतं, असं आम्हाला वाटून गेलं. त्या रात्री गणित घेतलं नाही.

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक घेतलं. आम्ही शाळेत होतो, संध्याकाळी दोघांनी मोबाइलवर बघितलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, वडील शिक्षक, आई गावची सरपंच, स्वतः रेल्वेत तिकीट तपासनीस. खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तो सराव करायचा तो म्हाळुंगे-बालेवाडीच्या संकुलात. म्हाळुंगे हे मुळशी तालुक्यातलं गाव, २०२१ साली पुणे महापालिकेत गेलं. म्हणजे आमच्या बसच्या टप्प्यातली जागा! आधी गुडघ्यावर, मग पोटावर, मग उभं राहून. मधल्या दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर, शर्टाच्या गुंडीएवढं, आणि ते ५० मीटरवर. गोळी विकत घ्यावी लागते, मेल्यावर पुन्हा उभं राहता येत नाही. भाचा गप्प बसून बघत होता. आम्हाला वाटलं कंटाळला. कुसाळे बंदूक खांद्याला लावतो, खाली घेतो, परत लावतो. भाचा पुटपुटला, "सांस बराबर नय आई, इसलिए नय मारा." शेवटी ४५१.४ गुण आले आणि पडद्यावर नाव झळकलं. तो म्हणाला, "फुफी, इसमें पूरा नाम लिखते?" आम्ही हो म्हटलं. त्यानं पुढे काही विचारलं नाही.

त्याला बालेवाडीला घालायचं का, हा विषय घरात निघाला आणि खर्चाच्या पहिल्याच वाक्याला मिटला. रायफल, जाड कोट, गोळ्या, रोजचं जाणं-येणं. भाईचा टेंपो हप्त्यावर आहे. मोबाइल त्याच्या हातात आधीच आहे आणि गोळ्या फुकट आहेत, यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. भाईशी तह झाला तो एवढाच की दहावी होऊ द्यायची. रात्री आमच्यासमोर एक तास खेळ आणि त्याआधी दीड तास वही. भाई म्हणाला, मास्तरीण बंदूक चालवते हे गावात कळलं तर काय म्हणतील? आम्ही म्हटलं, सांगू नकोस.

२०२५ ची दहावी रमजानमध्ये आली. रोजा ठेवून तो पेपरला गेला. गणिताला ५१, विज्ञानाला ५८. आमच्या शाळेत याला कुणी पेढे वाटणार नाही, आमच्या घरात वाटले. आता तो आयटीआयला आहे.

त्याच्या टोळीत आणखी दोघे होते. एक कोल्हापूरकडचा, एक मुठा खोऱ्यातला, आमच्यापासून डोंगरापलीकडचा. एकमेकांना कधी बघितलेलं नाही, फक्त आवाज. दोन वर्षांत एकमेकांना किती वेळा उचलून उभं केलं असेल त्याला मोजदाद नाही. दोघांना भाच्याचं खरं नाव माहीत नव्हतं. मार्चच्या शेवटी, चांद दिसला त्या रात्री, कोल्हापूरच्यानं विचारलं, उद्या सकाळी दहाला बसायचं का? भाचा आमच्याकडे बघायला लागला. आम्ही काही बोललो नाही, तो विषय त्याचा. मग तो माइकमध्ये म्हणाला, "उद्या नाही जमणार. ईद आहे." मराठीत म्हणाला. पलीकडे थोडा वेळ काही नाही. नुसता वाऱ्याचा आणि पावलांचा आवाज, खेळातल्या. मग कोल्हापूरचा म्हणाला, "मग दुपारी येतोस का संध्याकाळी, ते सांग की भावा."

संध्याकाळी तो आला. मुठा खोऱ्यातला आला नाही. एप्रिलमध्ये दोनदा आला, मग यायचा थांबला. कामाला लागला असेल, मोबाइल बिघडला असेल. भाच्यानं त्याला निरोप टाकले नाहीत आणि आम्हीही टाक म्हटलं नाही.

त्या जागी सध्या आम्ही बसतो. शाळेचे पेपर तपासून झाले की साडेनऊला. कोल्हापूरच्याला आम्ही कोण ते माहीत आहे, तो 'चहा मॅडम' म्हणतो आणि आमच्यासमोर शिव्या द्यायच्या झाल्या तर आधी माइक बंद करतो. धावणारा माणूस अजून आमच्या हातून टिपला जात नाही. आमचं काम मागे, टेकडीवर झोपून राहायचं आणि कुणीकडून कोण येतंय ते या दोघांना सांगायचं.